डावखुरा सांधा

जोएल मीकिस आला तेव्हा बाहेर उणे सत्तावीस.
दाढीत बर्फ, कोटाच्या आत वही.
बूट काढून पायपुसण्यावरच उभा राहिला, म्हणाला,
"मिसेस हेइक्किला, एक्केचाळीस सदतीस नंबरचं इंजिन
तुमच्या वर्कशॉपात आलं होतं. पुढे?"
मी आधी कॉफी ठेवली.

वहीत इंजिनांच्या कुंडल्या.
कुठल्या कारखान्यात जन्म, कुठल्या साली,
कोणाच्या घरी दिलं, नाव किती वेळा बदललं.
काही पानांवर नुसती प्रश्नचिन्हं,
पेन्सिलीची, म्हणजे खोडता येतील अशी.

त्याने एक फोटोकॉपी पुढे सरकवली.
"मार्च चौऱ्याऐंशी. मोडीत."
शून्यांच्या पोटात शाई भरलेली.
तो टाइपरायटर माझाच.
खाली आद्याक्षरंही माझीच.

"पण धक्क्यावर नऊशे दोन उभं आहे," तो म्हणाला,
"कागदावर त्याच एप्रिलात जन्मलेलं, नवंकोरं.
आयुष्यभर गव्हाचे डबे ओढणाऱ्याच्या टाळूवर
वाफेच्या धुराड्याचं ठिगळ कशाला असेल?
प्रवासी कधी शेकले त्याने?"
पोरगं हुशार. आणि मला खोटं बोलायचा
चाळीस वर्षांनी कंटाळा आला होता.

थंडर बेच्या धक्क्याला गेलो त्याच्या ट्रकमधून.
तळं गोठलेलं, धान्याची कोठारं धुक्यात,
आणि नऊशे दोन नुसतं गुरगुरत उभं;
या थंडीत बंद केलं तर वसंतापर्यंत उठत नाही.
नाक छाटलेलं, ड्रायव्हरला समोरचं दिसावं म्हणून.
लाल रंगाचा पोपडा उडालेला, आत काळा,
त्याच्या आत पिवळा, त्याच्याही आत
एक हिरवा, जो मी विसरले होते.

पायरीखाली चौकटीवर जिथे नंबर ठोकलेला असतो
तिथे ग्राइंडर फिरवलेला. गुळगुळीत.
जोएल टॉर्च घेऊन गुडघ्यांवर, बराच वेळ.
ती चिठ्ठी मीच खाली नेली होती, मी म्हटलं.
जुन्याची दुरुस्ती म्हटलं की पैसे एका खात्यातून,
नवी खरेदी म्हटलं की दुसऱ्या.
त्या वर्षी दुसऱ्यात पैसे होते.
म्हणून एक मेलं आणि एक जन्मलं,
मध्ये फक्त शनिवार-रविवार.

तो लिहीत नव्हता. ऐकत होता.
"पुरावा हवा," म्हणाला, जरा ओशाळून.
"ते खालचं डिझेल मॅनिटोबातून आलेलं, चाकं आणखी कुठली.
आणि तुमची आठवण म्हणजे..."
"म्हातारीची," मी म्हटलं. "टॉर्च दे."

वाकायला वेळ लागला.
चौकट आणि पायरी जिथे जुळते तिथे तो सांधा होता,
खवल्यांवर खवले, सगळे उलट्या दिशेचे,
मासा शेपटीकडून कुरवाळावा तसे.
सगळ्या शॉपात डावखुरा एकच.
फोरमन ओरडायचा, आर्वो, तुझं वेल्डिंग आरशात बघायला हवं.
घरी चहाचा कपही तो त्याच हाताने ठेवायचा,
कान नेहमी माझ्या चुकीच्या बाजूला.

मी हातमोजा काढला.
जोएल "नको नको" म्हणेपर्यंत बोट टेकलं होतं.
लोखंडाने धरून ठेवलं.
सोडवलं तेव्हा थोडी कातडी तिथेच राहिली,
अगदी थोडी. दुखलं मात्र नंतर, ट्रकमध्ये.

हीटर लावून त्याने वही मांडीवर घेतली,
एक्केचाळीस सदतीसचं पान काढलं.
तिरकी रेघ मारून नऊशे दोन लिहिलं.
मग थांबला.
"इथे आधार लिहावा लागतो. काय लिहू?"
बोट तोंडात होतं माझ्या.
"लिही, बायकोने हात ओळखला."

माझ्याकडे बघितलं त्याने, काचेकडे बघितलं,
आणि लिहिलं.
पेन्सिलीनेच.